मागच्या दारातली थाळी

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. मी एक जुनी स्टीलची थाळी आहे, आणि कुणी जवळ आलं की त्याचा हात कुठे जातो ते आधी बघायची मला खोड लागली आहे. पूर्वी मी अशी नव्हते. चार माणसांत बसणारी, गरम भाकरी अंगावर घेणारी साधी सरळ थाळी होते. पण दोन वर्षं मागच्या दारात, कुत्र्याच्या तोंडाखाली काढावी लागली की कुणावर विश्वास म्हणून राहत नाही. घासणीवर राहत नाही, कुत्र्यावर राहत नाही, आणि माणसांवर तर मुळीच नाही.

माझं दुःख आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच अंदाज बांधत बसणार नाही. माझ्या काठावर एका बाईचं नाव कोरलेलं आहे. ती बाई भिंतीपलीकडे राहत होती, आणि तिच्याच डोळ्यांसमोर मी कुत्र्याची थाळी झाले होते. कुणीतरी हे नाव वाचावं आणि मला तिथून उचलावं, एवढीच माझी इच्छा होती. पण वाचणार कोण?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पत्रा दाबला गेला तेव्हा इतका दणका बसला की तिथलं काही आठवतच नाही. आठवतं ते कर्नाटकातल्या हुमनाबादच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान. तिथे आम्ही एकाच घडणीच्या थाळ्या एकीवर एक रचलेल्या होतो. सगळ्यांच्या काठावर तीच वेल, वजनही तेच. आसपासच्या गावांतल्या निम्म्या घरांत आमच्याच बहिणी गेल्या असतील. हळ्ळीखेडचा नरसिंग तिथे आला, त्यानं वरच्या दोन बाजूला सारल्या आणि मला उचललं.

नाव कोरणारा चनमल्लप्पा दुकानाच्या पायरीवर बसायचा. बारीक छिन्नी, बारीक हातोडी, एकेक ठिपका. नरसिंगनं नाव सांगितलं, सावित्रीबाई. चनमल्लप्पानं सवयीनं कन्नड अक्षरांत सुरुवात केली.

"अण्णा, मराठीत काढा की," नरसिंग म्हणाला.

"मराठी अक्षर मला येत न्हाई बघा," चनमल्लप्पा हात न थांबवता म्हणाला. "नाव तर तेच की. तुमच्या मालकिणीला ठाव असलं म्हंजे बस."

त्या घरात तोवर प्रत्येक भांड्यावर नरसिंगच्या बापाचं नाव होतं. तांब्यावर, पराती-पातेल्यांवर, पाण्याच्या हंड्यावरसुद्धा. सावित्रीबाईच्या नावाची मी पहिलीच. तिला ना मराठी वाचता येत होतं ना कन्नड. नरसिंगनं तिचं बोट धरलं, माझ्या ठिपक्यांवरून हळूच फिरवलं आणि म्हणाला, "हे तू हायस." ती हसली. मग कितीतरी वर्षं, जेवण झालं की ती अंगठा माझ्या काठावरून फिरवायची. अंगठ्याला ठिपके लागले की तिचं समाधान व्हायचं. नरसिंग वारल्यावरही तिची ही सवय सुटली नाही.

तिचा मुलगा प्रेमानंद शाळामास्तर. त्यानं हळ्ळीखेडच्या बस स्टँडमागच्या नव्या वस्तीत घर बांधलं. शेजारचं घर महांतेशचं. महांतेश टेम्पो चालवतो. त्याची आई म्हाळसाबाई, बायको मनीषा आणि लेक तेजश्री. म्हाळसाबाईचा नवरा पिराप्पा हयातभर मेंढरांमागे फिरला. तो गेला, मेंढरं विकली गेली आणि त्या सगळ्या बिऱ्हाडातलं एक कुत्रं तेवढं मागे राहिलं. त्याचं नाव भुऱ्या. खंडोबाच्या घरात कुत्रं म्हणजे देवाचं माणूस. म्हाळसाबाई त्याला नातवासारखं वागवायची, म्हणजे एक घास घालायची आणि दहा वेळा ओरडायची.

जुन्या गावात ही दोन घरं कधी शेजारी आली नसती. सावित्रीबाईच्या सासऱ्यानं बुद्धाचा धम्म घेतला होता. त्याआधी तिच्या माणसांना गावच्या विहिरीवर घागर भरू देत नसत, आणि म्हाळसाबाईची सासू त्यांच्या हातचं पाणी पीत नसे. पुढे ती सासू गेली, विहीरही बुजली. सवय मात्र म्हाळसाबाईच्या हाडांत तशीच राहिली. तसं बोलणंचालणं चांगलं. भिंतीवरून मेथीची जुडी जायची, ओल्या तुरीच्या शेंगा यायच्या. पण शिजवलेलं अन्न आणि पाऊल, या दोन गोष्टी भिंत ओलांडत नव्हत्या.

आता टीव्हीबद्दल सांगायला हवं, कारण अर्ध्या भानगडी त्याच्यापायी झाल्या. म्हाळसाबाईची एक लाडकी मराठी मालिका होती, संध्याकाळी साडेसातची. त्याच वेळेला मनीषा आणि तेजश्रीचा गाण्याच्या स्पर्धेचा कन्नड कार्यक्रम असायचा. घरात टीव्ही एक आणि रिमोट सुनेच्या हातात. म्हाळसाबाई फणकाऱ्यानं उठायची, मागच्या दारात येऊन पायरीवर बसायची आणि भिंतीकडे कान लावायची. पलीकडे सावित्रीबाई तीच मालिका बघत असे. चित्र दिसायचं नाही, पण रडणं, ओरडणं आणि संगीत सगळं ऐकू यायचं. काही दिवसांनी पलीकडचा आवाज आपोआप मोठा झाला. मला वाटतं, सावित्रीबाईनं तो मुद्दाम वाढवला होता. म्हाळसाबाईला मात्र वेगळाच संशय.

"एवढा कामून वाढीवती आवाज?" ती मनीषाला विचारायची. "तिच्या घरातलं बोलणं मला ऐकू येऊ नये म्हणून तर न्हाई?"

त्या मालिकेतली सासू सुनेवर संशय घ्यायची, सून जावेवर आणि जाऊ सगळ्यांवर. म्हाळसाबाई ते सगळं साठवून दुसऱ्या दिवशी घरात वापरायची. मालिकेत कुणी कागदपत्रं पळवली की हिच्याकडे रेशन कार्ड गादीखाली जायचं. मालिकेत कुणी फोनवर कुजबुजलं की हिच्या घरात मनीषाचा फोन आला तर दाराआड सावली उभी राहायची. आणि माझ्या दुर्दैवानं, ज्या आठवड्यात मी भिंत ओलांडली, त्याच आठवड्यात मालिकेतल्या सासूला कुणीतरी खिरीतून काहीतरी घातलं होतं.

झालं असं. मार्गशीर्षातल्या षष्ठीला या भागात वांगेसट म्हणतात. खंडोबाच्या घरांत आषाढापासून वांगं आणि कांदा बंद असतो, तो त्या दिवशी सुटतो. भरीत आणि रोडगे होतात, तळी उचलतात, पहिला घास कुत्र्याला आणि मग घरची माणसं जेवतात. मनीषा संतपूरची पोर, मोकळ्या मनाची. तिनं सासूला न विचारता भरीत-रोडग्याची थाळी भरली आणि भिंतीवरून सावित्रीबाईला दिली. ती थाळी म्हाळसाबाईची होती. त्याच दुकानातली, तीच वेल, आणि त्याच चनमल्लप्पानं कन्नड अक्षरांत कोरलेलं म्हाळसाबाईचं नाव. अशी माझी बहीण इतक्या वर्षांनी माझ्या शेजारी फळीवर येऊन बसली.

थाळी रिकामी परत पाठवायची नाही हा सावित्रीबाईचा नेम. म्हणून ती पौर्णिमेपर्यंत थांबली. पौर्णिमेला त्यांच्या घरी खीर होते. पण त्याच सुमारास तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यात पाणी. प्रेमानंद शाळेत, आणि वाचू शकणारी नात प्रेरणा बिदरला वसतिगृहात. सावित्रीबाईनं फळीवर हात घातला, काठावर ठिपके लागले, वजन ओळखीचं वाटलं. तिनं उचललं ते मला. माझ्यात दाट खीर वाढली आणि भिंतीवरून मनीषाच्या हातात दिलं. मी ओरडणार तरी कशी?

मनीषा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. म्हाळसाबाईनं खिरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुणाकडनं आलीय?"

"सावित्रीमावशीकडनं, आत्या. पौर्णिमेची खीर हाय."

"काल मालिकेत ऐकलं न्हवं मी, त्या सासूला खिरीतनं काय घातलं ते? भुऱ्याला घाल जा. आन थाळीबी तिथंच राहू दे."

"आत्या, थाळी कामून? आपलीच हाय की."

म्हाळसाबाई बोलली नाही. नुसती एक भुवई वर गेली. मित्रांनो, मोठ्या माणसांच्या काही गोष्टींचं कारण भुवई सांगते, तोंड सांगत नाही. खिरीचा संशय मालिकेतून आला होता, तो मी समजू शकते. पण माझ्यात कुणी विष कालवलं होतं? मी एका घरातून आले होते, एवढाच माझा गुन्हा. मनीषानं मान खाली घातली आणि मला मागच्या पायरीखाली ठेवलं. सावित्रीबाईची खीर भुऱ्यानं दोन मिनिटांत संपवली आणि माझा काठ चाटून पुसून काढला. त्याला काही झालं नाही.

तेव्हापासून मी संशयी झाले. मनीषा मला खराट्याजवळच्या मातीनं कसंबसं घासायची. माझ्या ठिपक्यांत चिखल भरला, वाळलेलं कालवण बसलं. म्हाळसाबाईला वाटे, ही आपली बाटलेली थाळी. मनीषा मराठी शाळेत शिकलेली, कन्नड अक्षरं तिला नुसती वेलबुट्टी. महांतेशला कन्नड चांगलं वाचता येत होतं, पण थाळी वाचायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. तेजश्री लहान होती. मी चौघांच्या घरात होते आणि माझं नाव कुणालाही माहीत नव्हतं.

सावित्रीबाईला मात्र ते कळलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रेरणा घरी आली. दुपारची वेळ होती आणि मी भिंतीला लागूनच होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"आज्जी, ही थाळी म्हाळसाआज्जीची हाय," प्रेरणा म्हणाली. "नाव बघ की. म्हाळसाबाई पिराप्पा."

"मग माझी कुठं हाय?"

पलीकडे फळीवरची भांडी हलवल्याचा आवाज झाला. मग हसण्याचा आवाज आला. "बघ माझा आंधळा कारभार! तिचीबी माणसं वाचत न्हाईत, माझीबी न्हाईत." थोड्या वेळानं सावित्रीबाई भिंतीशी आली. तिच्या हातात म्हाळसाबाईची थाळी होती, लख्ख घासलेली, आणि त्यावर गुळाचे चार खडे. ती हाक मारणार, तेवढ्यात तिची नजर खाली गेली. भुऱ्या माझ्यात तोंड घालून ताक-भाकरी खात होता. तिनं माझ्या काठावरची वेल बघितली. तेवढ्यात भुऱ्याच्या जिभेनं चिखल पुसला आणि ठिपके उघडे पडले. सावित्रीबाईचा अंगठा आपोआप हातातल्या थाळीच्या काठावर फिरला. मग ती वळली आणि गुळासकट घरात गेली. त्या दिवशी मला माझी लाज वाटली. माझी चूक काहीच नव्हती, तरी वाटली.

पुढे तिनं एका शब्दानं विचारलं नाही. मेथीची जुडी येणं बंद झालं. टीव्हीचा आवाज मात्र तेवढाच राहिला, तो का, ते मला कधी कळलं नाही. म्हाळसाबाईला मेथीचं कोडं पडलं. तिनं निष्कर्ष काढला की शेजारीण मनात काहीतरी धरून आहे आणि लवकरच काहीतरी करणार.

त्यात भुऱ्यानं भर घातली. तो भिंतीच्या कोपऱ्यातल्या खिंडारातून पलीकडे जायला लागला. मालिकेचं संगीत वाजलं की याचे कान टवकारलेच. पलीकडे टीव्हीसमोर पोतं अंथरलेलं असायचं, त्यावर जाऊन पसरायचा आणि मालिका संपल्यावर मिशा चाटत परत यायचा. मग माझ्यात वाढलेल्याला तोंड लावेना. अंग मात्र दिसामाजी भरत चाललेलं.

"काय घालायली ह्याला?" म्हाळसाबाई भिंतीकडे बघत पुटपुटायची. "उगंच कोण कुणाच्या कुत्र्याला सांभाळतंय? मनीषा, ह्याच्या डोळ्यात बघ बरं, लाल दिसायलेत का?"

खरं सांगते, मलाही सावित्रीबाईचा संशय यायला लागला होता. जिचा असा अपमान होतो, ती त्याच घरच्या कुत्र्याला दूध-भाकरी घालते म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटायचं. बघा, कुणी आपल्याला बाहेर ठेवलं की आपणही हळूहळू त्याच्यासारखा विचार करायला लागतो. मी तिची थाळी असून तिच्यावर संशय घेतला, हे मी आजही विसरले नाही.

यंदाच्या वांगेसटीच्या आठवडाभर आधी बातमी आली की प्रेमानंदची बदली बिदरला झाली. सटीच्या दुसऱ्या दिवशी महांतेशच्याच टेम्पोतून त्यांचं सामान जायचं होतं. पलीकडे भांडी पोत्यांत भरली जात होती आणि मला इथे घाम फुटायचा बाकी होता. सावित्रीबाई बिदरला गेली की संपलं. माझं नाव कायमचं या पायरीखाली राहणार आणि तिच्या मनातला तो राग तिच्याबरोबर बिदरला जाणार. म्हाळसाबाईला आपण काय केलं हे मरेपर्यंत कळणार नव्हतं.

सट उजाडली. वांगी भाजल्याचा वास अंगणभर पसरला. भंडारा उधळून तळी उचलली, येळकोट झाला. म्हाळसाबाईनं सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. तिनं स्वतःच्या हातानं गरम रोडगा कुस्करला, वर भरीत आणि तूप घातलं आणि माझ्यात वाढलं. सगळं घर मागच्या दारात उभं राहिलं. भुऱ्या आला, त्यानं हुंगलं, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि लांब जाऊन बसला.

"खा की रे, बाबा," महांतेश म्हणाला.

भुऱ्यानं मान फिरवली.

म्हाळसाबाईचा चेहरा उतरला. देवाच्या कुत्र्यानं सटीचा घास नाकारला, म्हणजे देवानं घराकडे पाठ केली, असंच तिला वाटलं असणार. पण घाबरलेलं माणूस लवकर रागावतं. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "सकाळीच काय तरी घातलंय तिनं. न्हाईतर थाळीला काय लावलंय. तेजू, तुझे डोळे चांगले हायत, बघ बरं काठाला काय फासलंय का!"

तेजश्री आता तिसरीत, कन्नड शाळेत होती. तिनं रोडगा बाजूला काढला, मला उचलून उन्हात धरलं, नखानं चिखल खरवडला. एकेक ठिपका मोकळा होत गेला आणि माझा जीव त्या नखात गोळा झाला.

"आज्जी, कायबी फासलेलं न्हाई. नाव हाय."

"माझं असंल."

"न्हाई गं. सा... वि... त्री... बाई."

"नीट वाच."

"नीटच वाचायलेय की!"

महांतेशनं मला हातात घेतलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "खरं हाय, अव्वा," तो म्हणाला. "सावित्रीबाईचं नाव हाय. आपली त्यांच्याकडं राहिली असंल."

मला वाटलं, आता म्हाळसाबाई मालिकेतल्यासारखं काहीतरी शोधून काढेल. शेजारणीनं मुद्दाम बदलली, असं काहीतरी. ती तोंड उघडायलाही गेली. पण तिची नजर भिंतीवर गेली, जिथून मागचं अंगण सरळ दिसतं, आणि तिचं तोंड मिटलं. मेथीची जुडी कुठल्या उन्हाळ्यापासून बंद झाली ते तिला आठवलं असावं. तिनं मला महांतेशच्या हातातून घेतलं. राख आणि चिंच घेऊन नळाखाली बसली आणि मला घासायला लागली. कुणालाही हात लावू दिला नाही. इतकं घासलं की माझ्या अंगाला चटके बसले, आणि मी एकदाही तक्रार केली नाही.

"आत्या, आधी जेवा तरी," मनीषा म्हणाली.

"कुत्र्यानं खाल्ल्याबिगर कसं जेवू?" म्हाळसाबाई उठली. भुऱ्या केव्हाच खिंडारातून पलीकडे गेला होता. ती मला घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडली, शेजारच्या घराची पायरी चढली, उंबऱ्यावर क्षणभर अडखळली आणि आत गेली. त्या घरात तिचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं.

आत सगळीकडे पोती आणि खोकी होती. टीव्ही तेवढा अजून बांधायचा होता. समोर भुऱ्या पसरलेला, त्याच्या पुढ्यात भाकरीचे तुकडे. सावित्रीबाई बुद्धाची तसबीर जुन्या साडीत गुंडाळत होती. तिनं वर बघितलं, आधी म्हाळसाबाईकडे आणि मग माझ्याकडे. उठली नाही.

"हे तुझं हाय," म्हाळसाबाई म्हणाली.

"ठाव हाय मला."

"कवापासनं?"

"दीड वरीस झालं."

"मग बोललीस कामून न्हाईस?"

"काय बोलू, म्हाळसाअक्का? माझं नाव कुत्र्याच्या तोंडाखाली हाय, तेवढं उचला, म्हणून हात जोडू?"

"मला वाचाय येत न्हाई, सावित्रीबाई. देवाशपथ सांगते, तुझं नाव हाय हे मला ठाव नव्हतं. मला वाटलं माझीच थाळी हाय."

सावित्रीबाईनं तसबीर खाली ठेवली. "नाव कुणाचं ते ठाव नव्हतं, खरं हाय. पण थाळी बाहीर कामून ठेवलीस, ते तर ठाव होतं की."

मित्रांनो, मी त्या दोघींच्या मधे होते आणि मला कुठे बघावं कळेना. म्हाळसाबाईजवळ सबबी होत्या. खीर होती, मालिका होती, सासूची शिकवण होती. ती यातलं काय पुढे करते हे मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. तिनं यातलं काहीच पुढे केलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "ठाव होतं."

मग ती जमिनीवर बसली आणि मला आपल्यापुढे ठेवलं. "वाढ."

"काय वाढू?"

"जे असंल ते. सकाळपासनं उपाशी हाय मी. ह्याच्यातच वाढ."

"कुत्र्याची थाळी हाय ती."

"मीच केले न्हवं कुत्र्याची? वाढ तू."

सावित्रीबाई लगेच उठली नाही. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली, जणू हिच्याही मनात काही डाव आहे का ते तपासत होती. मला तो तिचा हक्कच वाटला. शेवटी तिनं चुलीवरचं पातेलं आणलं. एक ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी माझ्यावर वाढली. म्हाळसाबाईचा हात भाकरीपर्यंत आला आणि थांबला.

"भुऱ्यानं खाल्लं का हितं?"

"सकाळीच खाल्लं की. हीच भाकर."

"मग देवाचं झालं. पहिला घास तुझ्या घरी झाला."

"मी देवाला न्हाई वाढले, अक्का," सावित्रीबाई म्हणाली. "भुकेला होता, म्हणून वाढले."

म्हाळसाबाईनं घास तोंडात घातला. चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. अंबाडी आंबट होती खरी, पण एवढीही नव्हती. तिनं सगळी भाकरी संपवली, भाजीचा शेवटचा थेंबही पुसून घेतला. मग हात धुऊन माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "ही मी ठेवून घेऊ का? रोज जेवीन ह्याच्यात. माझी तू घेऊन जा बिदरला."

मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण सावित्रीबाईनं मान हलवली. तिनं पोत्यातून म्हाळसाबाईची थाळी काढली आणि तिच्या हातात दिली. "न्हाई. तुझं नाव तुझ्याजवळ, माझं माझ्याजवळ. लई दिस तुझ्या दारात पडलं ते." मग मला पोत्यात ठेवता ठेवता म्हणाली, "बिदरला येशील तवा ये. ह्याच्यातच वाढीन."

दुसऱ्या दिवशी मी महांतेशच्या टेम्पोतून बिदरला आले. म्हाळसाबाई अजून आलेली नाही. येईल असं मनीषा फोनवर सांगते, आणि मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही. पण दारात कुणी आलं की मी फळीवरून बघते.

मित्रांनो, मी तुमच्याकडे मला जपा असं मागत नाही. मला घासलं की मी स्वच्छ होते, स्टीलचं एवढं बरं असतं. तुमच्याही घरात कधीतरी एखादी थाळी, एखादा पेला, एखादा कप बाजूला ठेवायला सांगतील. सांगणारं माणूस तुमच्या प्रेमाचं असेल, आणि तेव्हा त्याची भुवई वर जाईल. त्याला विचारा, का? मोठ्यानं विचारा, आणि त्यानं तोंडानं उत्तर देईपर्यंत ते भांडं हातातून खाली ठेवू नका.